रॅपमुळे सामाजिक-राजकीय बदल घडतो का? (दिघा-ऐरोलीच्या निमित्ताने)

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी,

आमच्या नवी मुंबईतील दिघा-ऐरोली भागातील एका वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात यंदा परिसरातील मुलांना रॅप सादर करण्यासाठी अर्धा तास द्यावा, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आणि त्यावरून बराच वाद झाला. ही मुले सुटीच्या दिवशी संध्याकाळी उद्यानात सायफर भरवतात. एकजण तोंडाने बीट धरतो आणि बाकीचे गोलात उभे राहून आळीपाळीने आपापल्या ओळी म्हणतात. विषय बहुतेक आसपासचेच असतात: पाण्याची वेळ, कंपन्यांतील कंत्राटी नोकरी, पाडलेल्या इमारती, पोलिसांनी हटकणे.

कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सभासदांनी "गाण्याने नळाला पाणी येत नाही" असे सांगून प्रस्तावाला विरोध केला. त्यांचा विरोध गोंगाटाला असता तर मी हा धागा काढला नसता. ते स्वतः कामगार चळवळीत आयुष्य घालवलेले गृहस्थ आहेत आणि त्यांचा आक्षेप परिणामाविषयी आहे. रॅप ज्याचा भाग आहे त्या हिप हॉपला जगभर बंडाचे संगीत म्हणून मिरवले जाते. पण त्यामुळे एखादा कायदा बदलला, सत्ता गेली, कोणाला भरपाई मिळाली किंवा निदान एखाद्या कार्यालयाला उत्तर द्यावे लागले, असे कोठे घडले आहे का? "जागृती होते" एवढ्या उत्तरावर ते समाधानी होणार नाहीत, आणि मीही नाही. जाणकारांनी उदाहरणांसह लिहावे.

वाघबीळ

आपल्या ज्येष्ठ सभासदांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे.

हिप हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील १५२०, सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत झाला असे मानतात. डीजे कूल हर्कच्या बहिणीला शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यायचे होते आणि त्यासाठी पैसे जमवायला भावंडांनी तिकीट लावून नाचगाण्याची पार्टी ठेवली होती. मोठा द्रुतगती मार्ग काढताना ज्या भागातील हजारो कुटुंबे उठवली गेली आणि जेथे पुढे जळालेल्या, सोडून दिलेल्या इमारतींच्या रांगा उरल्या, तेथील मुलांनी जवळचा पैसा आणि उपलब्ध यंत्रे वापरून केलेली ही करमणूक होती. राजकीय आशय नंतर आला. १९८२ मध्ये 'द मेसेज' हे गाणे गाजले आणि वस्तीतील हलाखी हाच रॅपचा विषय होऊ शकतो हे सर्वांना दिसले.

त्यापुढचा हिशेब मात्र निराशाजनक आहे. रॅप घराघरांत पोहोचला त्याच काळात अमेरिकेतील कैद्यांची संख्या काही लाखांवरून वीस लाखांच्या वर गेली आणि त्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याहून कितीतरी अधिक होते. १९८६ च्या कायद्याने क्रॅक (कोकेनचाच स्वस्त प्रकार, ज्यात बहुतेक शिक्षा कृष्णवर्णीयांना होत) आणि कोकेन पूड यांच्या शिक्षेत वजनाच्या हिशेबाने १०० ला १ असा फरक केला. याच भेदभावाविषयी रॅपर वर्षानुवर्षे गात राहिले, तरी तो फरक १८ ला १ पर्यंत खाली यायला २०१० साल उजाडले, आणि तो आणला वकिलांनी, संघटनांनी व कायदेमंडळाने. पोलिसांच्या क्रूरतेवरील गाणी १९८८ पासून लाखोंनी ऐकली आहेत. पोलिसांच्या हातून झालेला जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू २०२० चा आहे. बदलाचे श्रेय गाण्याला द्यायचे असेल तर न झालेल्या बदलाचा जाबही त्यालाच विचारावा लागेल.

कळवा_पूर्व

वाघबीळ, आपण एकाच देशाचा हिशेब मांडला आहे. ट्युनिशिया पाहा.

'एल जनराल' या नावाने गाणाऱ्या तरुण रॅपरने नोव्हेंबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष बेन अली यांना थेट उद्देशून एक गाणे इंटरनेटवर टाकले. देशातील लोक कचऱ्यातून अन्न उचलत आहेत, आणि तुझ्या नावाने राज्य करणारे त्यांना लुटत आहेत, असा त्याचा आशय होता. रेडिओवर त्याला जागा मिळणे शक्यच नव्हते. ते फेसबुकवरून पसरले. १७ डिसेंबरला मोहम्मद बुआझिझी या फेरीवाल्याने सिदी बुझिद गावात स्वतःला पेटवून घेतले आणि आंदोलन भडकले. ६ जानेवारी २०११ रोजी या रॅपरला पोलिसांनी उचलले, लोकांच्या संतापामुळे काही दिवसांत सोडावे लागले, आणि १४ जानेवारीला बेन अली देश सोडून पळाले. तेवीस वर्षे सत्ता हाती असलेल्या माणसाच्या पोलिसांना, देश पेटलेला असताना, एका विशी-एकविशीच्या मुलाला धरण्याची गरज वाटली, यातच त्या गाण्याच्या परिणामाचे मोजमाप आहे.

इराणचे रॅपर तुमाज सालेही यांना २०२४ मध्ये चक्क फाशीची शिक्षा सुनावली गेली होती. पुढे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. निष्फळ गोष्टीवर कोणतेही सरकार इतका खटाटोप करीत नाही.

वाघबीळ

सरकारे घाबरट असतात, एवढेच यातून सिद्ध होते. ट्युनिशियात १४ जानेवारीला राजधानीत जो सार्वत्रिक संप झाला त्यामागे यूजीटीटी हा कामगार महासंघ होता, ज्याच्या शाखा गावोगावी होत्या. शाखा नसत्या तर गाणे ऐकून लोक कोठे जमले असते?

नेरुळ_पूर्व

शाखांचा मुद्दा निघालाच आहे, तर आपल्या घरचे उदाहरण आधी पाहू.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी गिरणगावापासून खेड्यापाड्यांपर्यंत काय केले हे येथे सांगण्याची गरज नाही. त्याआधीची सत्यशोधक जलशांची आणि नंतरची आंबेडकरी जलशांची परंपरा तर याहून अधिक खोलवर गेलेली आहे, कारण त्या जलशांचा रोख सरकारइतकाच श्रोत्यांच्या स्वतःच्या घरातील रूढींवर होता. मुंबई सरकारने कलापथकाच्या तमाशावर बंदी घातली तेव्हा त्याच मंडळींनी तो लोकनाट्य म्हणून उभा केला. हे सगळे कलावंतांचे कर्तृत्व. तरीही १ मे १९६० चा दिवस उजाडला तो १९५६ मध्ये स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र समिती होती, १९५७ च्या निवडणुकीत तिने काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात जबर हादरा दिला आणि रस्त्यावर शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले म्हणून. शाहिराचा कार्यक्रम संपला की त्याच मैदानात सभासदत्वाची पावती फाडणारा कार्यकर्ता उभा असे. पोवाड्याने पेटलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जायचे हे ठाऊक होते.

नवी मुंबईत याचा सर्वांत मोठा दाखला १९८४ च्या जानेवारीतील उरण-जासईचा आहे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी भूसंपादनाच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. त्या हुतात्म्यांची गाणी आगरी-कोळी गावांत आजही म्हटली जातात. गाण्यांनी ती आठवण तीन पिढ्या जिवंत ठेवली, आणि २०२१ मध्ये विमानतळाला दिबांचे नाव द्यावे म्हणून भूमिपुत्रांनी सिडकोला घेराव घातला तेव्हा विशी-पंचविशीतील मुलांना १९८४ समजावून सांगावे लागले नाही. गाण्याचे एवढे काम मी मान्य करतो आणि ते लहान आहे असे मला वाटत नाही.

रॅपर मात्र एकटा असतो. त्याच्या मागे पथक नाही, पक्ष नाही, पावती-पुस्तक नाही. या एकटेपणामुळे तो बेधडक बोलू शकतो आणि याच एकटेपणामुळे त्याचे बोलणे हवेत विरते.

रबाळे_लाइन

मी स्वतः रॅप लिहितो आणि ज्या सायफरविषयी हा धागा आहे तेथे जातो, म्हणून काही गोष्टी स्पष्ट करतो.

नेरुळ_पूर्व काका, आमच्या मागे पक्ष नाही हे खरे आहे. पण तो आम्ही नाकारलेला नाही, तो आमच्याकडे आलेलाच नाही. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार होता. माझ्या वयाच्या मुलांनी मतदार म्हणून नाव नोंदवले तेव्हा तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नव्हता. दिघ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने ९९ बेकायदा इमारती पाडायच्या ठरल्या, तेव्हा आमच्यातले काहीजण शाळेत होते. घरे विकणारे मोकळे राहिले आणि घेणाऱ्यांचे सामान रस्त्यावर आले, हे त्यांनी पाहिले आहे. या विषयावर वस्तीत सभा होत असत, पण त्या सभांत पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी माइक देत नाही. सायफरमध्ये देतात.

संगीत म्हणून याला लागते फार थोडे. मोबाइल, फुकट मिळणारी बीट आणि आवाज रेकॉर्ड करायला बंद दाराची खोली. तीच मिळत नाही, म्हणून पुष्कळदा रेकॉर्डिंग पहाटे होते.

भीतीविषयी कळवा_पूर्व यांनी इराणचे उदाहरण दिले. इतक्या लांब जाण्याची गरज नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे यांनी पन्नास खोक्यांवर केलेल्या रॅपबद्दल आपल्याच जिल्ह्यात, अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला. ते स्वतः छत्रपती संभाजीनगरचे. त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडे यांच्यावरही रॅपवरून गुन्हा दाखल झाला. त्यानंतर आमच्या गटातील एका मित्राच्या वडिलांनी त्याचे सगळे व्हिडिओ काढून टाकायला लावले. त्या व्हिडिओंत कोणत्याही नेत्याचे नाव नव्हते. पण वडील ठेकेदाराकडे कामाला आहेत आणि त्यांना विषाची परीक्षा घ्यायची नव्हती.

सानपाडा_सेक्टर_पाच

संघटना आणि गाणे यांच्या नात्याविषयी भारतातीलच एक उदाहरण तपशिलात पाहावे असे मला वाटते, कारण त्यात खाडीपल्याड यांनी मागितलेली 'भरपाई' आहे.

तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे हिंदुस्थान युनिलिव्हरचा पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना होता. पारामिश्रित काचेचा कचरा भंगारात विकल्याचे उघड झाल्यावर तो २००१ मध्ये बंद पडला. पाऱ्यामुळे आपल्या प्रकृतीवर परिणाम झाल्याची माजी कामगारांची तक्रार होती. कंपनी ते मान्य करीत नव्हती. कामगारांनी संघटना केली, पर्यावरणवादी गट बरोबर आले, २००६ पासून मद्रास उच्च न्यायालयात प्रकरण चालले. जुलै २०१५ च्या अखेरीस चेन्नईच्या सोफिया अश्रफ यांनी एका गाजलेल्या अमेरिकी गाण्याच्या चालीवर या विषयावरील रॅप केला. काही दिवसांत तो लाखो लोकांनी पाहिला, परदेशी वृत्तपत्रांनी बातम्या केल्या आणि कंपनीच्या जागतिक प्रमुखांना समाजमाध्यमावर उत्तर द्यावे लागले. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला.

आता श्रेय कोणाचे? चौदा वर्षे चाललेला लढा नसता तर रॅपमध्ये सांगायला नेमकी माहिती नसती: किती माणसे, कोणता कारखाना, कंपनीने काय म्हटले. व्हिडिओच्या शेवटी प्रेक्षकाला एका मागणीपत्रावर सही करायला सांगितले होते, म्हणजे पावती-पुस्तक तेथे होतेच. दुसरीकडे, तेच कागद इतकी वर्षे न्यायालयात पडून होते आणि रॅपनंतर आठ महिन्यांच्या आत समझोता झाला, हेही नाकारता येत नाही. माझे मत असे की गाण्याने कंपनीची प्रतिमा धोक्यात आणली आणि त्यामुळे समझोता लांबवण्याची किंमत वाढली. त्या दबावाचा उपयोग करून घेणारे लोक तयार होते म्हणून तो वाया गेला नाही. मातीतील पाऱ्याच्या सफाईचा वाद मात्र समझोत्याने मिटला नाही. त्या विषयावरही सोफिया अश्रफ यांनी पुढे गाणे केले, पण त्याने पहिल्यासारखी खळबळ उडाली नाही.

वाघबीळ

हे उदाहरण मला मान्य आहे. प्रतिमेला जपणारी कंपनी समोर असेल तर गाणे चालते. पाणीपुरवठा विभागाला प्रतिमेची काळजी असते असा माझा अनुभव नाही.

कळवा_पूर्व

सेनेगलचा उल्लेख राहिला. तेथे जानेवारी २०११ मध्ये काही रॅपर आणि पत्रकारांनी मिळून 'यॉन ए मार' ही चळवळ काढली. सततच्या वीजकपातीने लोक वैतागलेले होते. राष्ट्राध्यक्ष अब्दुलाये वाद तिसऱ्यांदा निवडणुकीला उभे राहत होते. या मंडळींनी गाण्यांबरोबर तरुणांची मतदार नोंदणी हाती घेतली आणि २०१२ च्या निवडणुकीत वाद पराभूत झाले. नव्या अध्यक्षांवरही नजर ठेवण्याचे काम चळवळीने सोडले नाही. रॅपरने स्वतःच पावती-पुस्तक हाती घेतल्याचे हे उदाहरण नेरुळ_पूर्व यांनी विचारात घ्यावे.

नेपाळमध्ये तर रॅपर बालेन शाह मे २०२२ मध्ये काठमांडूचे महापौर म्हणून अपक्ष निवडून आले. (अवांतर: पुढे फेरीवाल्यांवरील कारवाईमुळे त्यांच्यावर टीकाही झाली. रस्त्यावरची कला करणारा सत्तेत गेल्यावर रस्त्यावरच्या माणसाकडे कसा पाहील, याची हमी कला देत नाही.)

घणसोली_गावठाण

चर्चा उत्तम चालली आहे, पण आतापर्यंत बदल म्हणजे सरकार किंवा कंपनी, एवढाच अर्थ सर्वांनी गृहीत धरला आहे. मी एक शिक्षिका आहे आणि माझ्या वर्गातील मुले मधल्या सुटीत जे रॅप म्हणतात त्यांपैकी बऱ्याच ओळींत आई-बहिणीचा उद्धार असतो. व्यवस्थेविरुद्धचा संताप व्यक्त करताना शिवीसाठी बाईच लागते, हा कोणता बदल? अमेरिकेत क्वीन लतिफा यांनी १९९३ मध्ये रॅपमधूनच या भाषेला जाब विचारला आणि त्या गाण्याला पुढे ग्रॅमी मिळाले. तरीही शिव्या थांबलेल्या नाहीत. आपल्याकडच्या सायफरमध्ये मुली किती असतात? संध्याकाळी सातनंतर उद्यानात थांबण्याची परवानगी ज्यांना घरून मिळते त्यांचाच तो आवाज आहे. नेरुळ_पूर्व यांनी आंबेडकरी जलशांविषयी लिहिले की त्यांचा रोख श्रोत्यांच्या घरातील रूढींवरही होता. तमिळनाडूतील 'कास्टलेस कलेक्टिव्ह' या गटाने २०१८ पासून गाना (चेन्नईच्या वस्त्यांतील लोकगीतांचा प्रकार), रॅप आणि रॉक यांच्या मिश्रणातून जातीवर जे थेट बोलणे सुरू केले त्यात तो धागा मला दिसतो. उद्यानातील मुलांत अजून दिसलेला नाही.

रबाळे_लाइन

मॅडम, शिव्यांचा मुद्दा रास्त आहे. मुलींसाठी वेळ बदलावी असे आमच्यातही बोलले गेले आहे. दुपारी चारला उद्यानात ऊन असते आणि लहान मुलांच्या पालकांची तक्रार येते. वाचनालयाचे सभागृह मिळाले तर हा प्रश्न सुटेल. खरे तर कार्यक्रमातील अर्ध्या तासापेक्षा आम्हाला त्याची गरज जास्त आहे.

वाशी_डेपो

सत्ता गाण्याला घाबरते त्याहून अधिक वेळा ती गाणे विकत घेते. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'गली बॉय'मधील 'आझादी' या गाण्यावर भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी आपापले प्रचाराचे व्हिडिओ केले. ज्या घोषणेवरून आधी देशद्रोहाची चर्चा झाली होती तीच दोघांनाही चालली. आता कोणत्याही प्रभागात प्रचाररथावर रॅप वाजतो आणि तो लिहिणारा मुलगा बहुधा त्याच प्रभागातला असतो. त्याला दोष देता येत नाही, पैसे रोख मिळतात.

नेरुळ_पूर्व

रबाळे_लाइन, एक विचारू का? तुमच्या पाण्यावरील रॅपमध्ये तुम्ही कोणाला उद्देशून बोलता?

रबाळे_लाइन

महापालिकेला. मोरबे धरण त्यांच्या मालकीचे आहे, शहरभर चोवीस तास पाण्याच्या गप्पा होतात आणि आमच्याकडे आई भांडी लावून बसते, असा तो आहे.

नेरुळ_पूर्व

शंका होती म्हणूनच विचारले. दिघ्याकडच्या वस्त्यांचे पाणी प्रामुख्याने एमआयडीसीच्या वाहिनीतून येते आणि त्याचा स्रोत बारवी धरण आहे. पालिका ते घेऊन पुढे वाटते. एमआयडीसीने शटडाउन घेतला (म्हणजे दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवला) की पालिकेकडे बोट दाखवून उपयोग नसतो आणि पालिका एमआयडीसीकडे बोट दाखवून मोकळी होते. मोरब्याचे पाणी उत्तरेकडे का पुरत नाही, हा पालिकेला विचारण्याचा प्रश्न. शटडाउननंतर दाब किती दिवसांनी पूर्ववत होतो, हा एमआयडीसीला. तुमच्या गाण्यात दोन्ही कार्यालये नावानिशी आली, तर निदान एकाला दुसऱ्याच्या आड लपता येणार नाही. कोडाईकनालच्या रॅपमध्ये जी नेमकी माहिती होती तिचा उपयोग असाच झाला.

सानपाडा_सेक्टर_पाच

+१. शटडाउनच्या तारखा आणि दाबाच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतील. अर्ज दोन्हीकडे स्वतंत्र करावा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. शेजारचे उदाहरण द्यायचे तर दिघा गाव स्थानक बांधून तयार असताना महिनोन्महिने बंद होते आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. त्या काळात निवेदने, आंदोलने, बातम्या सगळे चालू होते. कोणत्या एका गोष्टीने ते उघडले हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि रॅपकडूनही तसा दाखला मागू नये.

वाघबीळ

दाखला मागितला नाही तर "गाण्याने पाणी येत नाही" हे म्हणणे खोडताही येणार नाही, एवढे ध्यानात ठेवावे. बाकी माहिती अधिकाराच्या अर्जाला माझी हरकत नाही. अर्ज कसा लिहावा यासाठी मदत लागल्यास सांगावे.

खाडीपल्याड

सर्वांचे आभार. हा धागा छापून मी कार्यकारिणीत वाचून दाखवला. ज्येष्ठ सभासदांनी सेनेगल आणि कोडाईकनाल दोनदा वाचायला लावले. ट्युनिशियावर त्यांचे मत वाघबीळ यांच्यासारखेच आहे.

ठरले ते असे. कार्यक्रमात अर्धा तास मिळेल. दर रविवारी दुपारी चार ते सहा वाचनालयाचे मागील दालन सायफरसाठी उघडे राहील आणि तेथे मुलींनाही बोलावले जाईल. घणसोली_गावठाण यांनी पहिल्या रविवारी यावे अशी विनंती आहे. पाण्याच्या दोन अर्जांचा खर्च वाचनालय करील, परंतु अर्ज मुलांनी स्वतःच्या नावाने करायचे आहेत. दोन सभासदांनी गाण्यांचे शब्द आधी तपासण्यासाठी द्यावेत अशी अट घातली होती आणि अंबरनाथच्या प्रकरणाचा हवाला दिला होता.

रबाळे_लाइन

शब्द आधी दाखवायचे असतील तर आम्ही उद्यानातच बरे आहोत. तपासून दिलेले रॅप प्रचाररथावर वाजतात.

खाडीपल्याड

ती अट मतदानात फेटाळली गेली, सहा विरुद्ध पाच. विरोधात पडलेले सहावे मत ज्येष्ठ सभासदांचे होते. त्यांनी फक्त एवढे सुचवले आहे की शटडाउनच्या तारखा अर्जाचे उत्तर येईपर्यंत गाण्यात घालू नयेत, कारण चुकीची तारीख निघाली तर दोन्ही कार्यालयांना तेवढेच निमित्त पुरेल.

रबाळे_लाइन

हे मान्य आहे. अर्ज सोमवारी देतो. वाघबीळ, मसुदा आज रात्री पाठवला तर पाहाल का?

वाघबीळ

पाठवा. प्रश्न मुद्देसूद आणि शक्य तितके थोडे ठेवा, नाहीतर "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असे उत्तर येते.